पात्यांमधून गोळी कशी जाते?

चालू टेबलफॅनच्या पात्यांमधून शेंगदाणा पलीकडे फेकून पाहिलाय कधी? (फेकू नका, दाणे घरभर होतात.) दुसऱ्या महायुद्धातल्या जर्मन मेसरश्मिट १०९ विमानाच्या नाकावरच्या दोन मशीनगन मात्र फिरत्या प्रोपेलरमधून गोळ्या झाडत.

गोळी नेमकी केव्हा सुटणार, हे वैमानिक नव्हे, प्रोपेलरच ठरवायचा. खटका दाबलेला असला तरी पातं नळीसमोरून सरकण्याच्या बेतानेच बंदुकीला इशारा मिळे. इशारा आणि स्फोट यांत मात्र विलंब नको. २० मिलिमीटरची ‘एमजी एफएफ’ तोफ इथेच नापास. तिचा जड दट्ट्या मागे थांबलेला असे, तो पुढे धावत आल्यावर काडतूस पेटे. तेवढ्यात पातं पुन्हा आडवं! म्हणून तिची रवानगी पंखांत, प्रोपेलरच्या घेराबाहेर.

नाकावरची ७.९२ मिलिमीटरची ‘एमजी १७’ चपळ होती, पण तिची गोळी रायफलचीच. चिलखती बॉम्बफेकी विमानांपुढे ती अगदीच किरकोळ. १९४३च्या जी-६ प्रकारात तिच्या जागी १३ मिलिमीटरची ‘एमजी १३१’ आली. तिचं काडतूस ठोक्याने नव्हे, विजेने पेटे. काडी ओढण्याऐवजी लायटरची ठिणगी, तसंच. वेळ अचूक साधली जाई. बंदूक जाडजूड, त्यामुळे इंजिनाच्या झाकणावर दोन फुगवटे आले आणि विमानाला टोपणनाव पडलं ‘टेंगूळ’.

याच विमानातल्या एका तोफेला मात्र ही कसरत लागतच नसे. ती प्रोपेलरच्या पोकळ मध्यातूनच गोळे झाडायची.