गाडी सीमेपलीकडे नेताना

नेपाळला जायला व्हिसा लागत नाही, हे आपल्याकडे सगळ्यांना ठाऊक असतं. १९५० च्या भारत–नेपाळ मैत्री करारामुळे दोन्हीकडची माणसं सहज ये-जा करतात. निवडणूक ओळखपत्र जवळ असलं की काम भागतं. पहिला गैरसमज इथेच रुजतो: माणसाला मोकळीक आहे, तर गाडीलाही असणारच. मुक्तिनाथ, पशुपतिनाथ करायला पुण्या-नाशिकहून स्वतःची गाडी काढलेली मंडळी गोरखपूरपर्यंत निर्धास्त येतात आणि सीमेवरच्या सुनौलीच्या पलीकडे त्यांचा पहिला तास खिडकी शोधण्यात जातो.

सीमाशुल्क खात्याच्या लेखी गाडी हा माल आहे, प्रवासी नव्हे. नेपाळमध्ये आयात गाड्यांवर जबर कर आहे. भारतात मिळते तीच गाडी तिकडे दुपटीहून महाग पडते. म्हणजे आत गेलेली भारतीय पाटीची गाडी परत आलीच नाही, तर तिथल्या सरकारचा मोठा कर बुडाला. म्हणून गाडी तात्पुरती आत आली आहे आणि अमुक तारखेला बाहेर पडेल, असा कागद लागतो. सगळे त्याला ‘भन्सार’ म्हणतात.

सुनौलीला ट्रकांची लांबच लांब रांग असते. तिच्यामागे उभं राहायचं नाही, ती मालवाहतुकीची. पलीकडे बेलहियात भन्सार कार्यालय आहे. आरसी, लायसन्स आणि ओळखपत्र दाखवायचं, किती दिवस राहणार ते सांगायचं. शुल्क दिवसांवर आणि गाडीच्या प्रकारावर ठरतं. दर नेपाळी रुपयांत असतो आणि १०० भारतीय रुपये म्हणजे १६० नेपाळी, हा हिशेब पक्का बांधलेला आहे. तेव्हा फलकावरचा आकडा पाहून दचकू नये. आणि एजंटाने तोच आकडा भारतीय रुपये म्हणून मागितला, तर देऊही नये. यानंतर यातायात विभागाचं परमिट काढायचं, ते वेगळं. गाडी दुसऱ्याच्या नावावर असेल तर मालकाचं अधिकारपत्र हवं. भावाची असली तरी.

‘एका दिवसात परत येणार असू तर काहीच लागत नाही’ हे अर्धं खरं. सीमेलगतच्या बाजारापर्यंत जाऊन त्याच दिवशी परतायचं असेल, तर सुविधा पासवर भागतं. तेवढ्या कागदावर पोखऱ्याची वाट धरली, तर पहिल्या तपासणी नाक्यावर गाडी बेकायदा ठरते.

सर्वांत महागात पडणारा समज मात्र काटकसरीचा आहे. सहलीचे दिवस मोजायचे आणि नेमके तेवढ्याच दिवसांचे पैसे भरायचे. कागदावर हे बरोबर दिसतं, पण नेपाळचा रस्ता तुमचं वेळापत्रक पाळत नाही. काठमांडूकडे जाणारा नारायणगढ–मुग्लिङ हा टप्पा दरडींसाठी कुप्रसिद्ध आहे. जुलै २०२४ मध्ये याच रस्त्यावर सिमलतालजवळ दरड कोसळून दोन बस त्रिशूली नदीत वाहून गेल्या. पावसाळ्यात हा रस्ता बंद पडला की गाड्या खोळंबतात, आणि परवान्याची तारीख दरडीसाठी थांबत नाही. मुदत उलटल्यावर दंड भरावा लागतो, प्रकरण गाडी जप्त होण्यापर्यंत जाऊ शकतं. त्यामुळे एक-दोन दिवस जास्तीचेच लिहून घ्यावेत. एका जेवणाच्या पैशांत झोप नीट लागते. वाढीव मुदत हवीच असेल, तर आधीची संपण्यापूर्वी मागायची, नंतर नव्हे.

यालाही वरची मर्यादा आहे. भारतीय खासगी गाडीला एका आर्थिक वर्षात एकूण ३० दिवसच मिळतात. हे आर्थिक वर्ष नेपाळचं. ते एप्रिलमध्ये नव्हे, त्यांच्या श्रावण महिन्यात, म्हणजे साधारण जुलैच्या मध्याला सुरू होतं.

विम्याबद्दल फारसं कुणी विचारतच नाही, कारण ‘फुल इन्शुरन्स आहे’ या तीन शब्दांवर आपला भलताच विश्वास. पॉलिसीचं कागदपत्र उघडून भौगोलिक क्षेत्राची ओळ वाचा. तिथे ‘भारत’ असं लिहिलेलं असतं. जादा हप्ता भरून हे क्षेत्र नेपाळ, भूतान, बांगलादेश, पाकिस्तान, श्रीलंका आणि मालदीव या देशांपर्यंत वाढवून मिळतं. पॉलिसीला त्याची पुरवणी जोडली जाते. निघण्याआधी कंपनीला कळवलं तर हे काम किरकोळ. न कळवता गाडी नेली आणि मुग्लिङच्या वळणावर ठोकली, तर दुरुस्ती खिशातून.

इंटरनॅशनल ड्रायव्हिंग परमिट घेतलं की गाडीचंही झालं, असं समजणारेही भेटतात. ते परमिट चालकाचं असतं. आरटीओ ते वर्षभरासाठी देतं, आणि परदेशात भाड्याची गाडी चालवताना ते कामी येतं. गाडी आत नेण्याशी त्याचा संबंध नाही. नेपाळमध्ये तर आपलं भारतीय लायसन्सच चालतं.

भूतानचं गणित निराळं. सीमेवरचं फुन्त्शोलिंग ओलांडून थिंफू-पारोकडे गाडी न्यायची, तर तिची वेगळी परवानगी आणि वेगळं शुल्क. शिवाय भारतीय पर्यटकाला माणशी दर रात्री १,२०० रुपये शाश्वत विकास शुल्क. ‘चार देशांचा करार झालाय ना?’ झालाय. बांगलादेश, भूतान, भारत आणि नेपाळ यांनी जून २०१५ मध्ये थिंफूमध्ये मोटार वाहन करारावर सह्या केल्या. पुढच्याच वर्षी भूतानच्या वरिष्ठ सभागृहाने तो नाकारला. त्या बातमीच्या भरवशावर गाडी काढू नये.

राहिला कार्ने, म्हणजे गाडी परत बाहेर नेण्याची हमी देणारी पुस्तिका. नेपाळसाठी तो लागत नाही, कुणी सांगितलं तरी. इराणसारख्या देशात गाडी न्यायची असेल, तेव्हा तो हवा. मुंबईत चर्चगेटची वेस्टर्न इंडिया ऑटोमोबाइल असोसिएशन तो देते. गाडीची किंमत आणि वाटेतले देश पाहून हमीची रक्कम ठरते. पुस्तिकेच्या प्रत्येक पानाचे तीन भाग असतात: एक आत जाताना फाडून घेतात, एक बाहेर पडताना, तिसरा तुमच्याकडे राहतो. त्या तिसऱ्या भागावर दोन्ही शिक्के आहेत का, हे सीमेवरून गाडी हलवण्याआधीच पाहावं. बाहेर पडल्याचा शिक्का राहिला, तर त्या देशाच्या लेखी गाडी आतच आहे आणि तुमची हमी अडकते.