डेव्हन लॉक : एका वाक्प्रचाराचा इतिहास

ऐन मोक्याच्या क्षणी जो ढळतो, त्याने ‘कच खाल्ली’ असे आपण म्हणतो. ब्रिटनमधील क्रीडावार्तांत याच्या जवळचा एक वाक्प्रचार रूढ आहे : ‘डेव्हन लॉक करणे’. जिंकत आलेला खेळाडू वा संघ अखेरच्या टप्प्यात अकस्मात कोसळला, की तो वापरला जातो. डेव्हन लॉक हे एका घोड्याचे नाव होय.

लिव्हरपूलजवळील एन्ट्री येथे ‘ग्रँड नॅशनल’ ही अडथळ्यांची शर्यत भरते. अंतर चार मैलांहून अधिक, अडथळे ३०. दि. २४ मार्च १९५६ रोजी राजमाता एलिझाबेथ यांचा डेव्हन लॉक सर्व अडथळे ओलांडून आघाडीवर होता. स्वार होते डिक फ्रान्सिस. विजयरेषा सुमारे ५० यार्डांवर असताना, वाटेत काहीही नसताना, त्याने उडी घेतल्यासारखे केले आणि तो पोटावर आपटला. मागून आलेला ‘ई. एस. बी.’ हा घोडा जिंकला.

कारण काय? शेजारच्या अडथळ्याची सावली पाहून तो फसला, असे काहींचे मत. त्याच्या स्नायूंत गोळा आला, असे इतरांचे. प्रेक्षकांच्या जयघोषाने तो बिथरला, असे फ्रान्सिस यांना वाटे. निर्णायक पुरावा कोणालाच मिळाला नाही.

घटना आणि तिचा अन्वयार्थ यांत भेद करावा, असे आम्ही इतिहासाच्या तासाला शिकवतो. या वाक्प्रचाराने तो भेद पुसला. पडणे तेवढे लक्षात ठेवले. ओलांडलेले ३० अडथळे विसरले.

हा दोष आमच्याही जिभेवर आहे. शालान्त परीक्षेत एका विषयात अडलेल्या मुलाविषयी ‘शेवटी कच खाल्ली’ असे आम्ही शिक्षकांनीही म्हटले आहे. आईवडील ऊसतोडीला गेलेले, घरात आधी कोणी दहावीपर्यंत पोहोचलेले नाही. त्या मुलाने ओलांडलेले अडथळे आम्ही मोजले नव्हते.

डेव्हन लॉक त्या दिवशी उठून उभा राहिला व पुढे पुन्हा शर्यतीत धावला. फ्रान्सिस १९५७ मध्ये निवृत्त झाले. १९६२ मध्ये त्यांची पहिली रहस्यकथा आली आणि पुढे ते जगभर वाचले जाणारे कादंबरीकार झाले. म्हणून निकालाच्या दिवशी अशा मुलाविषयी शेरा मारण्याआधी पुरवणी परीक्षेचा अर्ज त्याच्या हाती द्यावा आणि तो भरून होईपर्यंत त्याच्याजवळ बसावे, हे आम्हा शिक्षकांचे कर्तव्य होय.