त्वचेचा विकार सांध्यांत उतरतो तेव्हा

खोपटच्या एस.टी. स्थानकाजवळ दुकान चालविणाऱ्या एखाद्या व्यापाऱ्याची बोटे सकाळी शटर वर करताना वळत नाहीत, तेव्हा पहिला दोष वयाला दिला जातो, दुसरा वाताला आणि तिसरा दिवसभर गादीवर बसण्याला. कोपरावरील खवल्यांचा जुना चट्टा मात्र कोणाच्या ध्यानात येत नाही. चट्टा हा त्वचेच्या डॉक्टरांचा विषय आणि बोटे हा हाडांच्या डॉक्टरांचा, अशी वाटणी घरोघरी झालेली असते. सोरायटिक संधिवाताचे निदान लांबते ते बरेचदा याच वाटणीमुळे.

सोरायसिसमध्ये शरीराची प्रतिकारशक्ती बिघडून त्वचेत दाह निर्माण होतो. पेशी अतिवेगाने वाढतात आणि लालसर चट्ट्यांवर पांढुरके खवले साचतात. हाच दाह सांधे, पाठीचा कणा आणि स्नायूंना हाडाशी जोडणाऱ्या कंडरांपर्यंत पोहोचला की त्यास सोरायटिक संधिवात म्हणतात. सोरायसिस असलेल्या शंभर जणांपैकी तीस जणांपर्यंत हा त्रास उद्भवू शकतो. बहुतेकांत चट्टे आधी येतात आणि सांधे काही वर्षांनी धरतात. थोड्यांत हा क्रम उलटाही असतो. तीस ते पन्नास या कर्त्या वयात तो अधिक आढळतो आणि स्त्री-पुरुष दोघांनाही होतो. १९७३ मध्ये इंग्लंडमधील मोल आणि राइट या वैद्यांनी त्याचे पाच प्रकार वर्णिले.

ओळखण्याच्या खुणा घरच्या घरी दिसू शकतात. सकाळचा ताठरपणा अर्ध्या तासाहून अधिक टिकतो आणि हालचालीने कमी होतो. हाताचे वा पायाचे एखादे बोट मुळापासून टोकापर्यंत सुजून जाड होते. टाच दुखते. नखांवर सुईने टोचल्यासारखे बारीक खळगे पडतात किंवा नख मांसापासून सुटते. पुष्कळजण त्याला बुरशी समजून मलम लावीत राहतात. चट्टा कधी केसांत, कानामागे वा बेंबीत दडलेला असतो, तो मुद्दाम पाहावा लागतो. रक्तातील ‘आर.ए. फॅक्टर’ ही तपासणी या आजारात बहुधा निर्दोष येते. म्हणून केवळ तेवढा अहवाल पाहून ‘संधिवात नाही’ असे समाधान मानू नये.

सांधेदुखी आपल्याकडे किती व्यापक आहे, हे डॉ. अरविंद चोप्रा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९६ पासून पुणे जिल्ह्यातील भिगवण येथे घरोघर जाऊन केलेल्या पाहणीतून पुढे आले. दुखणे इतके सर्वसामान्य असल्यामुळेच त्यातील वेगळे दुखणे गर्दीत हरवते. विलंबाची किंमत मात्र मोठी आहे. आयर्लंडमधील वैद्यांच्या २०१५ च्या अभ्यासात संधिवाततज्ज्ञांकडे पोहोचण्यास सहा महिन्यांहून अधिक उशीर झालेल्या रुग्णांत हाडांची झीज आणि हालचालींची अडचण अधिक आढळली. थकलेल्या उधारीसारखे हे व्याज चढत जाते; फरक इतकाच, की झिजलेला सांधा पुन्हा वसूल होत नाही.

उपचारांनी आजार समूळ जात नसला तरी तो उत्तम आटोक्यात राहू शकतो. सौम्य अवस्थेत दाहशामक गोळ्या पुरतात. पुढे मेथोट्रेक्सेटसारखी औषधे दिली जातात. मेथोट्रेक्सेट आठवड्यातून एकदाच घ्यायचे असते. चुकून रोज घेतल्यास ते जिवावर बेतू शकते; म्हणून ठरलेला वार दिनदर्शिकेवर ठळक लिहून ठेवावा. मद्य वर्ज्य करावे, यकृत व रक्ताच्या तपासण्या नियमित कराव्यात आणि अपत्याचा विचार असल्यास डॉक्टरांना आधीच सांगावे. एवढ्याने भागले नाही तर जैविक इंजेक्शने असतात. ती सुरू करण्यापूर्वी क्षयरोगाची तपासणी आवश्यक असते. यांपैकी अ‍ॅडॅलिमुमॅब या औषधाची जगातील पहिली जैवसमरूप आवृत्ती अहमदाबादच्या झायडस कॅडिलाने डिसेंबर २०१४ मध्ये बाजारात आणली. ही औषधे प्रयोगशाळेत वाढविलेल्या जिवंत पेशींपासून बनतात, तर अनेक कॅप्सूलचे आवरण जिलेटिनचे असते. ज्या कुटुंबांना याविषयी शंका असेल त्यांनी ती संकोच न करता विचारावी. अनेकदा गोळीचा पर्याय मिळतो.

चातुर्मासात आणखी एक प्रश्न उभा राहतो. रिकाम्या पोटी घेतलेली वेदनाशामके जठराला बाधतात. पाणी कमी पडले तर मूत्रपिंडावर ताण येतो आणि मेथोट्रेक्सेटचे दुष्परिणामही वाढू शकतात. दिवसातून एक-दोन वेळा घ्यायची औषधे नवकारशी ते चौविहार या वेळेत सहसा बसविता येतात. परंतु अठाईसारख्या दीर्घ तपापूर्वी डॉक्टरांचा सल्ला घेणे अनिवार्य मानावे. औषध स्वतःहून बंद करू नये. विशेषतः स्टेरॉइडच्या गोळ्या एकाएकी थांबविल्यास चट्टे भडकतात. ‘खात्रीच्या’ म्हणून दिल्या जाणाऱ्या, घटक न लिहिलेल्या पुड्यांतही कधी स्टेरॉइड मिसळलेले असते.

वजन आटोक्यात ठेवणे हाही उपचारच आहे, कारण या रुग्णांत मधुमेह व हृदयविकाराचा धोका अधिक असतो. फरसाण-मिठाई कमी करावी, दुकानात तासातासाने उठून हातपाय मोकळे करावेत, सकाळी मासुंदा तलावाच्या काठाने चालावे.

आणि एक गोष्ट घरातील मोठ्यांनी विशेष ध्यानात घ्यावी. हा आजार स्पर्शाने, एकत्र जेवण्याने वा एका अंथरुणाने पसरत नाही. त्याची प्रवृत्ती घराण्यात असू शकते, पण अपत्याला तो होईलच असे नाही. सोयरीक मोडेल या भीतीने मुलीच्या हातावरचे चट्टे लपविले, तर तिचे सांधे तपासलेच जात नाहीत. चट्टे आणि दुखणे या दोन्ही तक्रारी एकाच डॉक्टरांसमोर, एकाच वेळी मांडाव्यात. त्वचारोगतज्ज्ञांकडून संधिवाततज्ज्ञांकडे जाण्याची चिठ्ठी मागून घ्यावी. परळच्या के.ई.एम. रुग्णालयात संधिवाताचा स्वतंत्र विभाग आहे आणि ठाण्याहून तेथवर लोकलने जाता येते.