कोल्हापुरातच इंटर्नशिप हवीय? कारखानदाराला या ४ गोष्टी दाखवा

गोकुळ शिरगाव, शिरोली, कागल... आपल्या आजूबाजूला एवढ्या फाउंड्र्या आणि मशीन शॉप आहेत. तरी कितीतरी जण पैसे भरून ऑनलाइन सर्टिफिकेट आणतात. कारण इंटर्न ठेवायचा कसा, हे छोट्या कारखानदारांना कुणी सांगितलेलंच नसतं. ते असं जमतं:

१. काम ठरवणं: ‘येऊन बघत बस’ याला इंटर्नशिप म्हणत नाहीत. रिजेक्ट झालेल्या कास्टिंगची नोंद एक्सेलमध्ये आणणं, असं एखादं पूर्ण होणारं काम द्यावं.

२. तास मोजणं: १ क्रेडिटसाठी ३० तास धरतात. ४ क्रेडिट म्हणजे १२० तास. रोज ६ तास दिले तर २० दिवसांत काम होतं.

३. शिकवणारा नेमणं: सुपरवायझरने रोज १५ मिनिटं काम तपासलं तरी खूप फरक पडतो.

४. लेखी पत्र: काम, तारखा, वेळ आणि स्टायपेंड लिहून कॉलेजच्या प्लेसमेंट सेलला द्यावं. एआयसीटीईच्या इंटर्नशिप पोर्टलवरही कंपनीला जागा टाकता येते.

एक गोंधळ टाळा. २०२४ ची ‘मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजना’ शिक्षण सुरू असलेल्यांसाठी नाही.

आणि इंटर्नशिप देतो म्हणून कुणी तुमच्याकडेच पैसे मागितले, तर सरळ उठून या. ओळखीचा कारखानदार असेल तर ही लिंक त्याला आजच व्हॉट्सॲप करा. सुरुवात तुम्हीच करा!