पारा उतरला तरी पायी वारीत ऊन का लागतं?

शेगावहून निघालेली गजानन महाराजांची पालखी अकोला, पातूर करत साधारण आठवडाभराने वाशीम जिल्ह्यात शिरते. मेडशी, शिरपूर जैन, रिसोड आणि मग मराठवाडा. पंढरपूरपर्यंतची एकूण चाल सातशे किलोमीटरहून जास्त.

वाशीमच्या माळावर ही पालखी नवतपात सापडते की जूनच्या ढगाळ उकाड्यात, हे तिथी ठरवते. आषाढी एकादशी 2023 साली 29 जूनला होती. मग अधिक श्रावण आला आणि 2024 साली ती थेट 17 जुलैला गेली. 2025 साली पुन्हा मागे, 6 जुलैला.

मग चालणाऱ्यासाठी जास्त घातक ऊन कुठलं? नवतपाचं, असंच कुणीही म्हणेल. पण ते तितकं सोपं नाही.

चालताना स्नायू जी ऊर्जा खर्च करतात, तिचा जेमतेम पाव भाग चालण्याच्या कामी येतो. बाकीची उष्णता होते आणि ती बाहेर टाकावी लागते. हवाच त्वचेपेक्षा गरम असेल, तर त्यासाठी एकच मार्ग उरतो, घाम वाळणं. घाम येणं नव्हे, वाळणं! मे महिन्यात विदर्भातली हवा कोरडी असते, त्यामुळे घाम आल्या आल्या उडतो आणि अंग थंड राहतं. तिथला धोका वेगळा आहे. अंग कोरडंच दिसतं, पण तासाभरात लिटरभर पाणी निघून गेलेलं असू शकतं.

एक-दोन सरी पडल्या की पारा उतरतो, पण हवेत दमटपणा वाढतो. घाम नुसता निथळतो आणि निथळलेल्या घामाने अंग थंड होत नाही. 16 एप्रिल 2023 रोजी खारघरच्या 'महाराष्ट्र भूषण' सोहळ्यात उष्माघाताने 14 जणांचा जीव गेला. त्या दिवशी आसपासचं तापमान 38 अंशांच्या घरात होतं. वैदर्भीय माणसाला हा आकडा किरकोळ वाटेल, पण तिथे ना सावली होती, ना हवा कोरडी.

दुसरी गोष्ट सवयीची. रोज उन्हात चाललं की आठवड्या-दोन आठवड्यांत शरीर जुळवून घेतं. घाम लवकर सुटतो, त्यातून मीठ कमी जातं. म्हणून शेगावपासून चालत आलेल्या वारकऱ्यापेक्षा, रील बघून एका टप्प्यापुरता सामील झालेला, एसीत बसणारा तरुण आधी कोसळू शकतो. अशांनी पहाटे चालावं आणि दुपारी गुमान झाडाखाली बसावं. डोक्याला ओला दुपट्टा हवाच.

नुसतं पाणी ढोसत राहणंही बरं नाही. घामातून मीठ जातं आणि वरून फक्त पाणी गेलं, तर रक्तातलं सोडियम घसरतं. मीठ घातलेलं ताक, लिंबू सरबत किंवा ओआरएस अधूनमधून घ्या.

चक्कर, मळमळ, पायात गोळे आले की थांबायचं. पण माणूस असंबद्ध बोलू लागला, अंग भाजत असलं, तर तो उष्माघात समजा. घाम येत असला तरीही. 108 ला फोन करा आणि गाडीची वाट बघत बसू नका. सावलीत न्या, अंगावर पाणी ओता, वारा घाला, काखेत आणि जांघेत बर्फ ठेवा. शुद्ध नसेल तर तोंडात पाणी घालू नका. तापाची गोळी इथे उपयोगाची नाही.