गाडीतल्या गाडीत बिनशिवणीचा जाळीदार स्वेटर

आपल्याकडे थंडी ती किती! डिसेंबर-जानेवारीतल्या मोजक्या पहाटा सोडल्या तर डोंबिवलीतला स्वेटर कपाटातच असतो. तरीही कल्याण-ठाण्याहून मुंबईला जाणाऱ्या बायकांच्या डब्यात वर्षानुवर्षं भाजी निवडली गेली तशा सुयाही चालल्या. मोबाइल आल्यापासून त्या कमी दिसतात, पण गेल्या नाहीत. आणि २०२० साली मध्य रेल्वेच्या या मार्गावर वातानुकूलित लोकल आली, हापिसंही गारठलेली. तेव्हा हलका, जाळीचा स्वेटर आता इथेही अंगावर चढतो.

अडतं ते विणण्यापाशी नाहीच. पाठ, पुढचा भाग, दोन बाह्या, सगळं गाडीत विणून होतं. मग ते शिवायला निवांत रविवार लागतो. नोकरी करणाऱ्या बाईचा रविवार तिचा असतो का? तुकडे पिशवीत राहतात आणि ज्या मुलासाठी घेतले, तो उंच होऊन बसतो!

यावर उपाय म्हणजे गोल सुईवर, नळीसारखं विणणं. एलिझाबेथ झिमरमन या विणकामवाल्या बाईंनी १९७१ च्या आपल्या पुस्तकात याचा सोपा हिशेब दिला. छातीचे टाके शंभर धरा. मनगटाला त्याचे वीस टक्के, दंडाला तेहतीस आणि काखेत आठ.

आपलं माप घेऊ. छाती ३६ इंच, सैलपणासाठी २ इंच, म्हणजे ३८. चार पदरी लोकर आणि १० नंबरच्या सुईवर इंचाला ७ टाके येत असतील (आधी तुकडा विणून मोजाच, कंटाळा नको) तर २६६ होतात. जाळी सहाच्या पटीत बसते म्हणून २६४ घाला. पहिली फेरी जोडताना टाके पिळले नाहीत ना, हे बघा; पिळले तर उसवण्यावाचून गत्यंतर नाही.

खाली दोन इंच पट्टी, मग जाळी. पहिली फेरी: धागा पुढे, २ टाके एकत्र सुलट, ४ सुलट. पुढच्या तीन फेऱ्या नुसत्या सुलट. पाचवी: ३ सुलट, धागा पुढे, २ एकत्र, १ सुलट. पुन्हा तीन सुलट. एवढंच! उलट टाक्याची सुई येतच नाही, त्यामुळे गप्पा मारता मारता होतं. चौथ्या सीटवर बसलेल्या बाईला कोपरही लागत नाही, हा फायदा लांब सुयांना नाही.

मात्र जाळीतला टाका गर्दीच्या धक्क्याने सुटला की खाली धावतो आणि सापडत नाही. म्हणून दर आठ फेऱ्यांनी वेगळ्या रंगाचा शिवणदोरा सगळ्या टाक्यांतून ओवून ठेवा. उसवायची वेळ आलीच तर तिथे थांबेल.

बाह्या मात्र घरीच विणा. त्यांना चार-पाच आखूड सुया लागतात, आणि सीटखाली गेलेली सुई शोधताना ठाणं निघून जातं. ५४ टाके घालून दर आठ फेऱ्यांनी दोन वाढवा, सोळा वेळा, ८६ होतील. बाही साधीच ठेवा, वाढवताना जाळी बिघडते.

काखेपर्यंत आलं की अंगाचे दोन्ही बाजूंचे वीस-वीस आणि प्रत्येक बाहीचे वीस टाके दोऱ्यावर काढून ठेवा. उरलेले सगळे एका गोल सुईवर घ्या: ३५६. इथून साडेनऊ इंच वर जायचं आहे. निम्म्या उंचीवर २ सुलट, २ एकत्र अशी फेरी करा, २६७ उरतील. सात इंचांवर १ सुलट, २ एकत्र, १७८. शेवटी गळ्याच्या पट्टीआधी पुन्हा तसंच, ११९ च्या आसपास. पट्टी विणून सैल हाताने टाके बंद करा.

बिनशिवणीचा म्हटलं तरी काखेतले वीस-वीस टाके समोरासमोर धरून सुईदोऱ्याने जोडावे लागतात. दहा मिनिटांचं काम. मग कोमट पाण्यातून काढून, न पिळता, टॉवेलवर पसरून वाळवा. जाळी तेव्हा खरी उघडते.