लाडक्या कुत्र्याला नवे घर देताना



घरात पिल्लू आणायचे ठरते तेव्हा सारे घर आनंदात असते. ते पिल्लू पुढची दहा-बारा वर्षे आपल्याबरोबर राहणार आहे, हा हिशेब मात्र त्या दिवशी कोणी करीत नाही. आम्हीही केला नव्हता. इंदूरच्या रामबागेतील तळमजल्याचे जुने घर सोडून आम्ही तिसऱ्या मजल्यावरच्या सदनिकेत राहायला गेलो. त्याच सुमारास आजींचे खुब्याचे हाड मोडले आणि आमच्या पाच वर्षांच्या बंड्यासाठी दुसरे घर शोधण्याची वेळ आली. त्या दोन महिन्यांत आम्ही कोठे चुकलो व काय शिकलो, ते इतरांच्या उपयोगी पडावे म्हणून येथे देत आहोत.

देणे खरेच आवश्यक आहे का?

पहिला प्रश्न हाच विचारावा. अंगावर उड्या मारणे, भुंकणे, चपला कुरतडणे यांवर बहुधा उपाय असतो. रोज दोन वेळा नीट फिरवून आणले तरी निम्म्या तक्रारी कमी होतात. "सोसायटीत चालत नाही" हे कारणही तपासून पाहावे. भारतीय जीवजंतु कल्याण मंडळाच्या २०१५ सालच्या मार्गदर्शक सूचनांनुसार सोसायटीला कुत्रा पाळण्यावर सरसकट बंदी घालता येत नाही. आमची अडचण वेगळी होती. आजी वॉकर धरून चालत आणि बंड्या प्रेमाने त्यांच्या अंगावर झेपावे. दिवसभर घरात त्या दोघांशिवाय कोणी नसे. महिनाभर सारे उपाय करून पाहिले आणि मगच निर्णय घेतला.

देणे वेगळे, टाकून देणे वेगळे

"बाजारात नेऊन सोडा, कुत्र्याची जात आहे, जगेल कशीही," असा सल्ला आम्हाला एकाहून अधिक जणांनी दिला. हा समज चुकीचा आहे. प्रत्येक गल्लीतल्या कुत्र्यांची हद्द ठरलेली असते, परक्या कुत्र्याला ती सहसा टिकू देत नाहीत. घरच्या कुत्र्याला उकिरड्यावर अन्न शोधण्याची सवय नसते आणि वाहने चुकविणेही त्याला जमत नाही. प्राण्यांना क्रूरतेने वागविण्यास प्रतिबंध करणारा १९६० सालचा कायदा आहे. उपासमार होईल अशा स्थितीत जनावर विनाकारण टाकून देणे हा त्याच्या कलम ११ प्रमाणे गुन्हा आहे. पहिल्या वेळेचा दंड अवघा दहा ते पन्नास रुपये असला, तरी गुन्हा तो गुन्हाच. स्वर्गाच्या दारातही सोबतच्या कुत्र्याला सोडण्यास नकार देणाऱ्या युधिष्ठिराची गोष्ट आपण मुलांना सांगतो. मग निदान त्यांच्यासमोर तरी असे वागू नये.

आमची चूक

घर बदलण्याच्या घाईत आम्ही बंड्याला एका परिचितांकडे दिले. त्यांचे घर पाहिले नाही, चौकशी केली नाही. आठ दिवसांनी भेटायला गेलो, तर तो एका गोदामाच्या दाराशी आखूड साखळीने बांधलेला दिसला. गळ्याला साखळी घासून जखम झाली होती. त्या गृहस्थांना राखणीसाठी कुत्रा हवा होता, आणि तसे त्यांनी लपविलेही नव्हते. विचारायचे आम्हीच राहून गेलो होतो. बंड्याला त्याच दिवशी घरी आणले.

दुसऱ्या वेळी आम्ही काय केले?

१. पशुवैद्यांकडून तपासणी करून घेतली. रेबीजची लस दर वर्षी द्यावी लागते, ती दिली. जंतांचे औषध दिले. त्याचे निर्बीजीकरण राहिले होते, तेही करून घेतले. उंची जातीचा कुत्रा असेल तर हे अधिकच महत्त्वाचे, कारण पिल्लांच्या धंद्यासाठी कुत्रे मागणारेही असतात.

२. कुत्र्याचे दोष लपविले नाहीत. बंड्या फटाक्यांना घाबरतो आणि झाडूवर भुंकतो, हे आधीच सांगितले. दोष लपवून दिलेला कुत्रा बहुधा परत येतो, नाहीतर तिकडेच हाल काढतो.

३. प्रश्न विचारले. कुत्रा घरात झोपेल की बाहेर? दिवसा घरी कोण असते? गावाला गेल्यावर त्याला कोण पाहील? घरातील सर्वांची संमती आहे का? आणि या वेळी घर स्वतः जाऊन पाहिले.

४. ओळख हळूहळू करून दिली. महूजवळ राहणारे एक निवृत्त शिक्षक आणि त्यांच्या पत्नी यांचा जुना कुत्रा म्हातारा होऊन गेला होता. देण्यापूर्वी ते दोघे तीन वेळा आमच्याकडे येऊन बंड्याला फिरवून गेले.

५. सामान बरोबर दिले. त्याची ताटली, पट्टा, लशीचे कार्ड आणि न धुतलेले जुने गोणपाट. कुत्र्याचे जग वासाचे असते, ओळखीच्या वासाने त्याला धीर येतो. अन्न एकदम बदलले तर पोट बिघडते, म्हणून पहिले काही दिवस पूर्वीचेच अन्न द्यावे. सुरुवातीचे एक-दोन दिवस तो नीट खाणार नाही. पहिले दोन-तीन आठवडे त्याला दोरीशिवाय बाहेर नेऊ नये, कारण जुने घर शोधायला तो पळू शकतो.

शेवटची अट अशी घातली की, काही कारणाने जमले नाही तर कुत्रा आम्हालाच परत करावा, तिसऱ्याला देऊ नये.

मुलांना खरे सांगावे

मूल शाळेत असताना कुत्रा देऊन टाकायचा आणि "तो पळून गेला" असे सांगायचे, हे सोपे वाटते. पण मूल मग कित्येक दिवस फाटकाशी उभे राहून वाट पाहते. चौथीत शिकणाऱ्या आमच्या मुलीला आम्ही सारे सांगितले. ती दोन दिवस आमच्याशी बोलली नाही. तिसऱ्या दिवशी तिने वहीचे पान फाडून बंड्याच्या सवयींची यादी लिहिली. "त्याला काकडी आवडते. घाबरला की पलंगाखाली जातो, तेव्हा ओढू नये, जवळ बसावे." ते पान त्या आजोबांनी स्वयंपाकघरात लावले आहे.

दीड महिन्याने आम्ही भेटायला गेलो. बंड्या धावत आला, सर्वांना हुंगले, मुलीचे तोंड चाटले आणि थोड्या वेळाने आजोबांच्या पायाशी जाऊन निजला. परतताना बसमध्ये मुलगी रडली. आम्हालाही वाईट वाटले, पण काळजी उरली नाही.

पालकांना एकच विनंती. मुलाच्या वाढदिवसाला पिल्लू आणण्याआधी, दहा वर्षांनी त्याच्याकडे कोण पाहणार, हे घरात सर्वांनी एकत्र बसून ठरवावे. आम्ही ते ठरविले असते, तर कदाचित हा लेख लिहावा लागला नसता.